विहारापुढचा पिंपळ

चिंच धोकादायक आहे असं लिहायला ममतानं नकार दिला, तेव्हा पुंडलिकरावांनी खुर्ची थोडी मागे सरकवली. आवाज चढवण्याची त्यांची पद्धत नव्हती.

झाड तोडायच्या परवानगीसाठी नगर परिषदेकडे अर्ज आला, की ते झाड खरंच तोडण्याजोगं आहे का हे जाऊन पाहायचं काम ममताचं. कंत्राटी. वनस्पतिशास्त्र शिकून बरीच वर्षं शिकवण्या घेतल्यावर ते मिळालं होतं, आणि करार वाढायचा तो उद्यान विभागाच्या पुंडलिकरावांच्या शिफारशीवर. आठवडी बाजारातली चिंच एका व्यापाऱ्याच्या नव्या दुकानांच्या तोंडावर येत होती. ममता शिडी लावून तिच्या शेंड्यापर्यंत जाऊन आली होती. कुठे कीड नाही, कुठे भेग नाही.

"तुमच्या वस्तीतल्या पिंपळाचाही अर्ज आलाय, मॅडम," पुंडलिकराव म्हणाले. "अंगणवाडीवर फांद्या आल्या म्हणे. तो अर्ज मी झोपवून ठेवतो. तुम्ही चिंचेचं तेवढं पाहून घ्या."

ममता कार्यालयातून निघाली ती थेट वस्तीत आली.

विहारापुढचा तो पिंपळ तिच्या आजोबांनी धम्मदीक्षा घेतली त्या साली लावलेला. तिचे वडील भीमराज तेव्हा पोरगेले होते. विहिरीवरून पाणी आणून त्यांनीच तो जगवला. ममतानं खोडावर लाकडी हातोडा मारला. रिकाम्या पिंपावर मारल्यासारखा आवाज आला. ती दुसऱ्या बाजूला गेली, पुन्हा मारला. मग सळई घातली, तर ती मुठीपर्यंत आत गेली. अंगणवाडीतली लेकरं सावलीत बसून खिचडी खात होती. त्यांच्या डोक्यावरच सगळ्यात जड फांदी होती.

ममता पिंपळ पाडायला लिहिणार, हे संध्याकाळपर्यंत वस्तीभर झालं. विहाराचं काम पाहणारे धर्मपाल चार माणसं घेऊन घरी आले. बाजारातली चिंच वाचवतेस आणि आपल्या बापजाद्यांचा पिंपळ पाडतेस, हे कुठलं शिक्षण, असं त्यांनी विचारलं. साहेब अर्ज दाबायला तयार आहेत, हेही त्यांना कुठून तरी कळलं होतं.

"फुकट नाही दाबून राह्यले, काका," ममता म्हणाली. "मले खोटं लिहाले लावून राह्यले. आन् मी लिहिलं तरी पिंपळ काही भरून येत नाही. फांदी लेकरायवरच पडन."

भीमराज भिंतीला टेकून ऐकत होते. "पोकळ हाय?" त्यांनी विचारलं.

"हाय, बाबा. मी आत उभी राहीन एवढा."

ते उठले, पिंपळापाशी गेले आणि खोडाला कान लावून मुठीनं ठोकत राहिले. माणसं मागे उभी होती. बऱ्याच वेळानं ते वळले.

"पाडा म्हनावं. पन पह्यला घाव मी घालीन."

दुसऱ्या दिवशी ममतानं दोन्ही अहवाल पुंडलिकरावांपुढे ठेवले. पिंपळ धोकादायक. चिंच ठणठणीत.

त्यांनी दोनदा वाचलं. "स्वतःच्या वस्तीचं झाड पाडता?"

"आता माझं काहीच तुमच्या हातात राहिलं नाही, सर."

"करार आहे ना."

"तो तुमचाच होता, तुम्हीच ठेवा," ममता म्हणाली आणि निघाली.

करार वाढला नाही. पण अहवाल नगर परिषदेच्या वृक्ष समितीपुढे वाचला गेला आणि चिंचेचा अर्ज फेटाळला गेला. तिच्याखाली बसणाऱ्या भाजीवाल्या बाया पुढच्या बाजारीही तिथेच बसल्या.

पिंपळ पाडला त्या दिवशी भीमराजांनी पहिला घाव घातला आणि कुऱ्हाड मजुराच्या हाती देऊन घर गाठलं. खोड आडवं झालं तेव्हा आतला काळा भुगा रस्त्यावर सांडला. सगळ्यांनी पाहिला. धर्मपालांनीही. ममताला कोणी काही म्हटलं नाही, आणि भीमराज तर घरातही बोलेनासे झाले. ताट पुढे आलं की जेवत, आणि उठत.

मग एका सकाळी ते घरात दिसले नाहीत. ममता शोधत गेली, तर अंगणवाडीच्या अंगणात स्टुलावर चढून ते जुनी ताडपत्री बांधत होते. अंगण सगळं उन्हानं भरलेलं. लेकरं भिंतीच्या कडेला, सावलीच्या चिंचोळ्या पट्टीत दाटीनं बसली होती. वाऱ्यानं ताडपत्री हातातून सुटत होती.

त्यांनी मागे वळून पाहिलं.

"उभी काहून हायेस? ते टोक धर."

ममतानं चप्पल काढली आणि टोक धरलं.