पहिली लाथ मला बसली

मी उशी आहे, पण कुणाच्या डोक्याखालची नव्हे. माणसाएवढी लांब, मधे किंचित वाकलेली. पोटुशी बाई कुशीवर झोपली की मला मिठी मारते आणि एक गुडघा खुशाल माझ्यावर टाकते.

पडद्यांच्या उरलेल्या निळ्या कापडातून एका शिंप्यानं मला बेतलं आणि कापूस ठासून भरला. "एवढी मोठी उशी कुणाला हो?" त्यानं विचारलं. "दोघांना," सुईणबाई म्हणाल्या, "पण दिसणार एकच." शिंप्याला विनोद कळला नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही.

या सुईणबाई म्हणजे माझ्या पहिल्या मालकीण. तीस वर्षं इस्पितळात बाळंतपणं करून निवृत्त झालेल्या. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत त्या आठवड्यातून दोनदा गरोदर बायकांचा वर्ग घ्यायच्या. डोळे मिटायचे, श्वासाकडे लक्ष द्यायचं, पोटावर तळहात ठेवून आतल्या जीवाशी चार शब्द बोलायचे. अवघड असं काही नाही. खाली कुणी हातोडी हाणली की बाई म्हणायच्या, "ऐकू आलं ना? छान. आता परत श्वासाकडे."

त्या वर्गात एक घड्याळं दुरुस्त करणारी बाई यायला लागली. तिळाएवढा स्क्रू चिमटीत धरणारी तिची बोटं, पण बाईंनी "पोटावर हात ठेवा" म्हटलं की ते हात पोटाकडे जायचेच नाहीत. ती मला धरायची. इतकं घट्ट, की माझी शिवण उसवते की काय असं वाटायचं.

तिसऱ्या खेपेला बाईंनी तिला मागं थांबवून घेतलं.

"मला नाही जमणार, बाई," ती म्हणाली. "मागच्या वेळी मी रोज बोलायचे. नावसुद्धा ठरवलं होतं. सातव्या महिन्यात गेलं ते. या खेपेला मी ओळखच काढणार नाही. औषधं, तपासण्या सगळं वेळेवर करते. बोलणं तेवढं नको."

मला वाटलं, आता बाई उपदेश करणार. पण त्या म्हणाल्या, "बरं. नको बोलूस. हात उशीवरच ठेव आणि श्वास घे. उशी घरी ने हवं तर."

अशी मी दुसऱ्या घरी निघाले. तिचा नवरा बस चालवायचा. त्यानं मला आपल्यामागच्या सीटवर बसवलं आणि एका आजोबांना बजावलं, "ती जागा भरलीय, काका. पाहुण्या आहेत."

बसमध्ये एवढा बोलका माणूस, घरात मात्र "गोळी घेतलीस?" याच्यापुढे जायचा नाही. दोघांना भीती एकच, पण प्रत्येक जण ती दुसऱ्यापासून लपवायचा. माणसांची ही सवय मला आजही उमगलेली नाही. आणि मी दोघांच्या मधे, भिंतीसारखी!

एका शनिवारी बाईंनी त्यालाही बोलावलं. बायकोला विचारून तिच्या कमरेवर त्याचा तळहात ठेवायला लावला. "चोळायचं नाही, दाबायचं नाही. नुसता ठेवायचा. तिच्या श्वासाबरोबर श्वास घ्यायचा."

"किती वेळ?"

"ती पुरे म्हणेपर्यंत."

"आणि बोलायचं काय?"

"काही नाही."

"हे मात्र अवघड आहे," तो म्हणाला. सगळ्या बायका हसल्या. तीही हसली.

मग रोज कामावरून आला की हातपाय धुऊन तो दहा मिनिटं तिच्या पाठीशी बसायचा. चौथ्या दिवशी ती एकाएकी रडायला लागली. त्यानं दचकून हात काढला.

"काढू नकोस," ती म्हणाली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "मी मागच्या वेळी एवढा जीव लावला नसता, तर कमी दुखलं असतं का रे?"

तो म्हणाला, "मी कुठं लावला होता? वाटायचं, आलं की घेऊ हातात. एकदाही हात ठेवला नाही तुझ्या पोटावर. तुझ्याकडं आठवायला काहीतरी आहे. माझ्याकडं तेही नाही."

ती त्याच्याकडं वळली. त्या दिवशी मी पलंगाखाली पडून राहिले. कुणाला माझी आठवणच झाली नाही, आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

पुढच्या रविवारी दुपारी ती मला पोटाशी धरून पडली होती. धप्! माझ्या कुशीत एक लाथ बसली.

"अगं, हळू! उशी आहे ती!" ती म्हणाली, आणि स्वतःच थबकली. शब्द तोंडून निघून गेला होता. तिनं मला हळूच बाजूला सारलं आणि त्या जागी हात ठेवला. मग हाक मारली, "अरे, ये इकडे. लवकर. हात दे तुझा."

भीती काही पळून गेली नाही. खोटं कशाला सांगू? पण आता ती आम्हा तिघांत वाटली गेली होती. आठव्या महिन्यात एका सकाळी तिला बाळ नेहमीपेक्षा शांत वाटलं. आता तिला त्याची चाल माहीत होती. दोघं तडक इस्पितळात गेली. सगळं ठीक निघालं. तिथली परिचारिका म्हणाली, "असं वाटलं की लगेच यायचं. दहा वेळा वाटलं तर दहा वेळा."

मुलगी झाली. थोडी लवकर, म्हणून काचेच्या पेटीत ठेवली होती. आईनं गोल झरोक्यातून हात आत घातला. मी होते त्या खाटेवर परत आली तेव्हा डोळे वाहत होते. "माझा हात ओळखते ती. रडायची थांबली."

"माझ्या हातानंही थांबली," नवरा जरा खट्टू होऊन म्हणाला.

"मग तुलाही ओळखते, वेड्या."

ती पोर आता चार वर्षांची आहे. मला घोडा करून तिनं माझ्या कापसाचा पार गोळा केला होता. तिच्या आईनं तो सुटा करून, नवं कापड चढवून मला परत वर्गात आणलंय. बाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे सुरुवातीची दहा मिनिटं हल्ली तीच घेते.

आता पुरे करते. जिन्यावर कुणाची तरी पावलं वाजताहेत. वर यावं की माघारी फिरावं, हे त्या नव्या बाईचं ठरत नाहीये. तुम्ही दाराजवळ आहात, तर तिला काही विचारू नका. जरा सरकून बसा, आणि मला तिच्या बाजूला ढकला.