छताला टांगायचं जहाज

"थोरा, दोन मासे बाजूला काढलेस का गं?"

बापाचा हा आवाज पन्नास वर्षांपूर्वीचा; पण पश्चिमेचा वारा सुटला की थोराला तो अजून ऐकू यायचा. होडी वाळूला टेकली की आधी दोन मासे निघायचे. ती ते कुणा विधवेच्या दाराच्या कडीला अडकवून पळत सुटायची. दार वाजवायचं नाही, नाव सांगायचं नाही. देवाला ठाऊक आहे तेवढं पुरे, बाप म्हणायचा.

आता डेन्मार्कमधल्या जटलंडच्या त्या किनाऱ्यावर होड्याच उरल्या नव्हत्या. मासेमारीचे हक्क प्रेबेनने एकेका घरातून विकत घेतले होते, आणि या रविवारी तो चर्चला जहाज देणार होता.

जहाज लाकडाचं, हात-दीड हात लांबीचं. कोळ्यांच्या चर्चमध्ये असं जहाज छताला टांगायचं, नाळ, म्हणजे पुढचं टोक, वेदीकडे करून, ही जुनी रीत. आधीचं जहाज वादळातून वाचलेल्या चौघांनी हिवाळाभर बसून कोरलेलं. ते परवाच माळ्यावर गेलं. नवं म्हणजे प्रेबेनच्या ट्रॉलरची नक्कल, आणि अंगावर त्याचंच नाव.

"कठड्याला सोन्याचा मुलामा हवा म्हणाला," ते घडवणारे आयगिलकाका कुरकुरले. "मी विचारलं, मासे काय सराफाकडे राहतात?"

"मग केलात कशाला?"

"म्हातारपणीही पोट भरावं लागतंच पोरी. तू तरी त्याच्या कारखान्यातला झाडू कुठं सोडलास?"

थोरा रविवारी चर्चची घंटा वाजवायची आणि बाकीचे दिवस प्रेबेनच्या मासळी कारखान्यात झाडलोट करायची. कारखान्यामागे जाळ्यांचं गोदाम होतं. तिथे रुमानियाचे सात मजूर झोपायचे. खिडक्या प्लास्टिकने बंद, मध्ये कोळशाची शेगडी. फेब्रुवारीतल्या एका सकाळी त्यांच्यातला कोस्तेल उठलाच नाही; शेगडीच्या धुराने गुदमरला होता. प्रेबेनचा पहिला फोन आला तो थोराला. बाकी सहा जणांना त्याने मोटारीत घालून दूर पाठवलं, आणि पोलिसांना सांगितलं, कुणी दारुडा रात्री आत शिरला असेल. पोलिसांनी थोरालाही विचारलं. मला काही ठाऊक नाही, ती म्हणाली. तिचा मुलगा येप्पे प्रेबेनच्या ट्रॉलरवर कामाला होता.

कोस्तेल दारूला शिवत नसे. दर रविवारी तो चर्चमध्ये अगदी मागे उभा राहायचा आणि आपल्या पद्धतीने उजवीकडून डावीकडे क्रूस काढायचा. त्या दिवसापासून थोराला प्रभुभोजनातली प्रसादाची भाकर गिळवेना. घास तोंडात फिरायचा, धुरकट लागायचा.

"काय गं थोरे, कुजका हेरिंग मासा खाल्ल्यासारखं तोंड का केलंस?" त्या रविवारी चर्चच्या ओसरीवर प्रेबेन हसला. एकाच रविवारच्या शाळेत शिकलेली ती दोघं. त्याच्या कोटाला अत्तराचा भपकारा होता. "वर बघ, कसं चमकेल ते. आणि ऐक, येप्पेला वसंतात कप्तान करीन म्हणतो."

त्याने तिच्या खांद्यावर थोपटलं. त्या हाताची नव्हे, त्याच्याखाली निमूट राहिलेल्या आपल्या खांद्याची तिला शिसारी आली.

चर्च भरलं होतं. शेजारच्या दालनात कोळंबीचे पाव आणि शँपेन झाकून ठेवलेलं. लोकांचे डोळे एकदा वेदीकडे, एकदा त्या दाराकडे. जहाज वर खेचायची दोरी रीतीप्रमाणे घंटा वाजवणारीच्या हातात. थोरा ओढू लागली. सोनेरी कठडा डोक्यांवरून वर निघाला.

पाद्रीबाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला, "कुणाची आठवण म्हणून हे जहाज टांगायचं?"

"समुद्रावर राबणाऱ्या सगळ्यांची," प्रेबेन म्हणाला. घोकून आला होता. माना डोलल्या.

थोराचे हात थांबले. जहाज अर्ध्यावरच झुलत राहिलं.

"थोराबाई, दोरी अडकली का?" पाद्रीबाईंनी हळूच विचारलं.

"दोरी ठीक आहे," थोरा म्हणाली. तिसऱ्या बाकावरून येप्पे तिच्याकडे बघत होता; तिने नजर चुकवली नाही. "कोस्तेल दारू प्यायला नव्हता. तो तिथेच राहायचा. गोदामात सात जण झोपायचे, ह्या प्रेबेनने ठेवलेले. पोलिस यायच्या आत त्यांच्या गाद्या बाहेर काढल्या त्या मी. ह्याने सांगितलं, आणि मी काढल्या."