आहे ती फाईल ठेवायची का?

माझ्या सुनेचा कॉम्प्युटर मी बिघडवला. हे मी स्वतः लिहितेय, कारण आमच्या जावयांनी ही गोष्ट चार घरी आपल्या परीने सांगून झालीय आणि त्यांच्या गोष्टीत मी म्हणजे एक बावळट म्हातारी आहे. मी म्हातारी आहे. बावळट नाही. चौथीपर्यंत शिकलेय, आणि समोरचं वाचायला मला कुणाचा चष्मा लागत नाही.

सून आधी एका शिवणकारखान्यात होती. तिथला मालक बायकांना टाळ्या वाजवून बोलवायचा. टाळ्या! कोंबड्या आहेत का त्या? सहा वर्षं तिने ऐकून घेतलं. मग भरतकामाचं मशीन आणलं, कॉम्प्युटरला जोडलं आणि पुढच्या खोलीत स्वतःचं काम मांडलं. नाव कॉम्प्युटरवर मांडायचं, की मशीन ते कापडावर भरतं. पहिलं मोठं काम आलं दवाखान्याचं: चाळीस नर्सबाईंचे कोट, प्रत्येकीच्या खिशावर तिचं नाव, सोमवारी सकाळी आठच्या आत. वेळेत दिले तर वर्षभराचं काम हिचं. नाही दिले तर पुन्हा कारखाना आणि पुन्हा त्या टाळ्या.

रविवारी सकाळी दहापर्यंत अठरा कोट झाले. निळा दोरा संपला म्हणून सून बाजारात गेली. माझा मुलगा कामाच्या पाळीवर होता. तेवढ्यात लेक आणि जावई आले. जावयांच्या हातात एक सीडी.

"आई, फोटोंचा अल्बम करायचा प्रोग्राम आणलाय. आमच्या कॉम्प्युटरला तो झेपत नाही. वहिनींच्यावर टाकतो, दोन मिनिटांचं काम."

"ती नाहीये घरात," मी म्हटलं. "आणि तिचं काम चाललंय त्याच्यावर."

"कामाला कोण हात लावतंय? तुम्ही उगाच घाबरता."

घाबरते म्हटलं की माझं डोकं फिरतं. हे जावयांना पक्कं ठाऊक आहे. मी बाजूला झाले. लेक आत चहा ठेवायला गेली. जावयांनी सीडी घातली, दोन-चार बटणं दाबली, आणि त्यांचा फोन वाजला. फोन आला की या माणसाला चार भिंतींत बोलता येत नाही, गॅलरीत जाऊन शेजारपाजाऱ्यांना ऐकवावं लागतं. जाता जाता मला म्हणाले, "आई, काही विचारलं तर दाबून टाका आणि पुढे जाऊ द्या."

आणि त्याने विचारलं. मी खुर्ची ओढून एकेक अक्षर वाचलं. या कॉम्प्युटरवर आधीच असलेली फाईल, आता घालत असलेल्या फाईलपेक्षा नवीन आहे. आहे ती फाईल ठेवायची का? खाली दोन बटणं. हो. नाही.

आता माझं सांगते. माझी कात्री तीस वर्षांची आहे. सुनेने आणलेल्या तीन नव्या कात्र्या दोन वर्षांत बोथट झाल्या. माझी इस्त्री, माझं कुलूप, माझा पाटा, सगळं जुनं आणि सगळं ठणठणीत. नवीन म्हणजे पत्रा, हे मी आयुष्यभर बघत आले. इथे एक नवीन आहे आणि एक जुनी येतेय, आणि मला विचारताहेत नवीन ठेवायची का. मी 'नाही' दाबलं. त्याने आणखी चारदा विचारलं. चारही वेळा 'नाही'. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. कॉम्प्युटरनेसुद्धा माझं मत घेतलं.

फोटोंचा प्रोग्राम झकास चालला. जावयांनी स्वतःचेच एकवीस फोटो दाखवले.

अकराला सून आली. दोरा लावला, भरतकामाचा प्रोग्राम उघडायला गेली, आणि तो उघडेना. एक चौकट यायची, लागणारी एक फाईल चालत नाही म्हणायची आणि विझायची. तिने कॉम्प्युटर बंद करून चालू केला. पुन्हा तेच. तिचे हात मशीनवर तसेच राहिले.

"कुणी काही केलंय का याला?"

"मी माझा एक प्रोग्राम टाकला," जावई म्हणाले. "पण तो बघा, व्यवस्थित चाललाय. म्हणजे दोष तुमच्यातच आहे, वहिनी. स्वस्तातलं घेतलं असेल."

सुनेने गल्लीच्या टोकाच्या कॉम्प्युटरवालीला फोन लावला. ती जेवून येते म्हणाली. आणि तो सगळा तास जावई आमच्या घरात, आमच्या पंख्याखाली बसून, माझ्या सुनेला शहाणपण शिकवत होते.

"घरात बसून असले धंदे होत नाहीत, वहिनी. कारखान्यात कसं, बिघडलं तर मालकाचं डोकं. तुमचा जुना मालक काही वाईट माणूस नाही हो."

लेक म्हणाली, "अहो, पुरे."

"मी भल्यासाठीच सांगतोय!"

आणि मी? मी कोटांच्या घड्या घालत होते. घातलेल्या मोडून पुन्हा घालत होते. ती पाच 'नाही' मनातल्या मनात मोजत होते. मनाची समजूत घालत होते की बटणाने काय होतंय, मशीनच बिघडलं असेल. जावयांचा राग येत होता, कॉम्प्युटरचा येत होता, सुनेचासुद्धा येत होता, की बाजारात जायला हाच मुहूर्त सापडला हिला. राग सगळ्यांवर काढून झाला, तरी तोंड उघडेना.

कॉम्प्युटरवाली आली. बारकीशी बाई, कानामागे पेन. तिने चौकट बघितली आणि हात मागे घेतला.

"याची दोन कारणं असू शकतात. आतली डिस्क मरायला टेकली असेल, तर सगळं काढून नव्याने भरावं लागेल. दोन दिवस धरा. नाहीतर कुणाच्या तरी प्रोग्रामने जुन्या फाईली वर घातल्यात. मग अर्ध्या तासाचं काम. आज काही घातलंत का?"

"फोटोंचा एक प्रोग्राम," सून म्हणाली.

"घालताना त्याने काही विचारलं होतं?"

"छे," जावई म्हणाले. "सरळ गेलं सगळं."

ती बाई सुस्कारा टाकून सुनेला म्हणाली, "मग डिस्कच म्हणायची. मी घेऊन जाते. मंगळवारी देते."

मंगळवार. सुनेने बावीस कोटांकडे बघितलं. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती नुसती कोट उचलून पिशवीत भरायला लागली.

"विचारलं होतं," मी म्हटलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"पाचदा विचारलं. आहे ती नवीन फाईल ठेवायची का. मी पाचही वेळा नाही म्हटलं. मी. या हाताने."

"आई!" जावई ओरडले. "तुम्ही कशाला हात लावलात त्याला?"

तेव्हा मात्र माझं तोंड सुटलं. "कशाला? गॅलरीत कोण गेलं होतं भाषण ठोकायला? दाबून टाका कोण म्हणालं मला? माझ्या सुनेला कारखान्याची वाट दाखवता? तुम्हाला काही विचारलं गेलं नाही, कारण तुम्ही तिथे नव्हता! नव्हतो म्हणायला जीभ झडली असती का तुमची?"

लेक खाली बघत होती. हसत होती की रडत होती, मी विचारलं नाही.

कॉम्प्युटरवालीने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. "बरं झालं बोललात. आजी, प्रत्येक प्रोग्राम आपलं सगळं सामान बरोबर आणत नाही. काही फाईली सगळ्यांच्या सामायिक असतात."

"इमारतीला एक जिना, तसं?"

"तसंच. पाहुणा आपली जुनी शिडी घेऊन आला. तुम्ही जिना काढून शिडी लावलीत. तो चढला, पण हिला जिनाच लागतो. म्हणून असा प्रश्न आला, की नवीन असेल तीच ठेवायची. आणि त्याआधी बाकीचे प्रोग्राम बंद करायचे, आहे त्याची एक प्रत काढायची. भरतकामाची मूळ सीडी आहे ना?"

सून सीडी काढायला कपाटाकडे वळली. कॉम्प्युटरवाली वायरी तपासायला टेबलाखाली वाकली. तेवढ्यात जावई तरातरा जाऊन खुर्चीत बसले. "काढूनच टाकतो माझा प्रोग्राम. मिटली कटकट." खटाखट दाबत सुटले. मी मागेच होते. पडद्यावर पुन्हा प्रश्न आला. ही सामायिक फाईल आता कुणी वापरत नाही असं दिसतं. पुसून टाकायची का? जावयांचा हात 'हो'कडे निघाला.

मी मनगट धरलं. तीस वर्षं कपडे पिळलेत मी. ते हललं नाही.

"उठा."

"अहो आई, कुणी वापरत नाही असं लिहिलंय इथे!"

"जिना आहे तो. उठा म्हटलं ना."

टेबलाखालून आवाज आला, "कुणीही 'हो' दाबू नका! कोण वापरतं याची कॉम्प्युटरची मोजणी दरवेळी खरी नसते. सामायिक असेल तर राहू द्यायची."

जावई उठले, आणि कॉम्प्युटरवालीने वर येऊन 'नाही' दाबलं. जावई दहा मिनिटांत चहा न घेता लेकीसकट गेले.

भरतकामाची सीडी पुन्हा घातली. या वेळी प्रत्येक प्रश्न सुनेने मोठ्याने वाचला, मग कॉम्प्युटरवालीने वाचला, आणि मगच बटण दाबलं. दीडला मशीन सुरू झालं. एकेक नाव भरत गेलं. मी खाली बसून मागचे दोरे कापत होते. विसाव्या कोटाला सून मशीन न थांबवता म्हणाली,

"फाईलीचं मला काही नाही, आई. कुणाच्याही हातून होतं. पण तासभर ते मला बोलत होते आणि तुम्ही घड्या घालत होतात."

मी पुढचा कोट ओढला आणि त्याचे दोरे कापायला घेतले.

संध्याकाळी सातला चाळिसावा कोट झाला. सोमवारी पावणेआठला ती दवाखान्यात पोचली. परत आली तेव्हा पिशवीत पुढच्या खेपेचे कोट होते, डॉक्टरांचे. पाणीसुद्धा न पिता कॉम्प्युटरपुढे बसली आणि मला म्हणाली, "आई, तिकडे तोंड करा."

"का?"

"पासवर्ड घालतेय. तो कुणालाही कळणार नाही. तुम्हालासुद्धा."

माझ्या घरात, माझ्या पुढच्या खोलीत, मला भिंतीकडे तोंड करायला सांगणारी ही पहिलीच. संताप आला. असा आला की कानशिलं तापली. तिच्या जागी मी असते तर कालच घातला असता आणि सासूला सांगितलंही नसतं.

मी तोंड वळवलं. तिने चांगली लांबलचक अक्षरं टाइप केली. बटणांच्या आवाजावरून आठपर्यंत मी मोजली, मग सोडून दिलं.