चार बोटांवरचं अक्षर

माघातलं ऊन उतरणीला लागलं होतं. कृष्णेच्या संथ पात्रावर केशर सांडलं होतं, पैलतीरावरचे उसाचे मळे सुवर्णधूसर झाले होते, आणि गुऱ्हाळांवरून निघालेली गोड, जडावलेली हवा कऱ्हाडातल्या एका दोन खोल्यांच्या घराशी येऊन थबकली होती. त्या घराच्या खिडकीत सरोजिनी बसली होती. तिला यातलं काहीच दिसत नव्हतं.

काहीच नाही म्हणणं खोटं होईल. रंग दिसत होते, आकार नव्हते. केशरी असं एक सांडलेपण, हिरवं असं एक पसरलेपण. जन्मभर उणे चौदाच्या जाडजूड भिंगांतून तिनं जग पाहिलं, आणि आता त्या भिंगांमागेही मोतीबिंदूचं धुकं दाटलं होतं. बावन्नाव्या वर्षीच. उद्या सकाळी उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया होती, पुढच्या महिन्यात डाव्याची.

"आत नवं भिंग बसवू," डॉक्टर म्हणाले होते. "लांबचं लख्ख दिसेल, बाई. फक्त ती चष्मा काढून नाकाशी धरून वाचायची सवय आता विसरा. ते काही परत येणार नाही."

लांबचं लख्ख दिसणार म्हणून सगळे नातेवाईक हरखले. सरोजिनी घरी आली आणि मोरीचं दार लावून पोटभर रडली.

कारण त्या अधू डोळ्यांचं एक गुपित होतं. चष्मा काढला की डोंगर विरघळत, झाडं विरघळत, समोरचं माणूस विरघळे. पण चार बोटांवर, नाकापासून फक्त चार बोटांवर, एक नितळ, निर्मळ, लखलखीत जग उरे. जाईच्या पाकळीतली शीर न् शीर तिथे दिसे. आपल्याच तळहातावरच्या रेषांमधल्या उपरेषा दिसत. चांगल्या डोळ्यांच्या माणसांना त्या जगाचा पत्ताच नव्हता.

तिथे एकच माणूस येऊ शकला. त्याचा नंबर उणे तेरा होता.

मुरलीधर चित्रकलेचा मास्तर. लग्नात अख्ख्या वऱ्हाडानं टिंगल केली होती, "ढापण्याला ढापणी मिळाली!" अंतरपाट दूर झाला तेव्हा चार भिंगं एकमेकांवर चमकली, आणि दोघांना एकदमच हसू आलं. महिन्याभरात तो जतकडच्या एका शाळेवर रुजू झाला. तिथे बिऱ्हाडाला जागा नव्हती, म्हणून ती सासरीच राहिली. मग दर गुरुवारी कार्ड येऊ लागलं.

कार्डाला कसली आलीय लाज! ते उघडंच. पोस्टमन वाचणार, शेजारच्या काकू वाचणार, आणि मामंजी बाहेरच्या खोलीत ते खड्या आवाजात वाचून दाखवणार. तीर्थरूप बाबांस साष्टांग नमस्कार, इकडे पाणी कमी, प्रकृती उत्तम. सरोजिनीच्या वाट्याला शेवटची अर्धी ओळ: घरात सर्वांस खुशाली सांगावी. त्या 'सर्वांत' ती एक होती.

आणि कार्डाच्या चारही कडांनी एक बारीक निळी रेघ.

"मास्तर आहे ना चित्रकलेचा," मामंजी कौतुकानं म्हणत. "कार्डालासुद्धा काठ काढतो!"

तिसऱ्या कार्डाच्या वेळची गोष्ट. चुलीपाशी भिंगांवर वाफ धरली म्हणून तिनं चष्मा काढला, आणि नवऱ्याच्या अक्षराला निदान नाक तरी लावावं म्हणून कार्ड चेहऱ्याशी धरलं. निळी रेघ हलली. निळी रेघ उसवली. ती रेघ नव्हतीच. ती अक्षरं होती, खसखशीहून बारीक अक्षरं, एकाला एक लागून चारही कडांनी चाललेली. पहिला शब्द होता: सरू.

तिची भाकरी त्या दिवशी करपली, आणि बोलणी खातानाही ती हसत होती.

तोही तिकडे चष्मा काढून, अणकुचीदार निबेचा टाक घेऊन, कार्डाला नाक टेकवून लिहीत असे. सुट्टीत घरी आला की नाकाच्या शेंड्यावर शाईचा निळा ठिपका. "अरे, हातानं काढतोस की नाकानं?" सगळे हसत. सरोजिनी तोंड फिरवून चुलीतलं लाकूड उगीच पुढे सारी. भरल्या घरात, भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, तिचं आणि त्याचं बोलणं चाललेलं असे आणि कुणाला ते कळत नसे.

आता मुरलीधरला जाऊन सहा वर्षं झाली होती. तेवीस कार्डं त्याच्या पत्र्याच्या रंगपेटीत होती. दोन वर्षं झाली, ती कार्ड नाकाशी धरायची आणि निळ्या धुराखेरीज काही दिसायचं नाही. पाठ होती सगळी. पण पाठ असणं निराळं आणि त्याच्या हातचा 'स' दिसणं निराळं. उद्यानंतर तो कधीच दिसणार नव्हता. आणि तिच्यामागे, ही कार्डं उघडणाऱ्याला, तो नुसता काठच वाटणार होता.

आतल्या खोलीत मृण्मयी पडून होती. लग्नानंतर दहा वर्षांनी झालेली एकुलती लेक, वय एकोणीस. गेल्या आठवड्यात तिचा नंबर उणे अकरावर गेला. नवा जाड चष्मा तिनं कपाटाच्या तळाशी कोंबला होता, घरात जुनाच लावत होती आणि कॉलेजला जाणं बंद केलं होतं. दर वर्षी वाढणारा तो आकडा तिला रोज नव्यानं घाबरवत होता. आज दुपारी भाताचा घास तसाच ठेवून ती म्हणाली होती, "बाबांचे डोळे, तुझे डोळे. मला द्यायला दुसरं काही नव्हतं का तुमच्याकडे?"

आता, मावळतीचं केशर खिडकीच्या गजांवर चढताना, सरोजिनीनं रंगपेटी मांडीवर घेतली आणि हाक मारली.

"मृणू, ये गं इकडे. हे काय आहे, सांग बघू."

"बाबांची कार्डं. आजोबांना लिहिलेली. माहीत आहेत मला."

"काठ बघ."

"निळी रेघ आहे."

"चष्मा काढ."

"आई, पुरे हं आता…"

"काढ गं. आणि नाकाशी धर."

सरोजिनीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. एवढी वर्षं जे कुणाला दाखवलं नाही, ते आता लेकीच्या तोंडून ऐकायचं होतं. लाज फार वाटत होती. पण ते शब्द कायमचे मिटतील, ही भीती लाजेहून मोठी होती.

कार्ड फिरवल्याचा बारीक आवाज आला. रेघ कोपऱ्यावर वळली की कार्डही वळवावं लागे.

"आई," मृण्मयीचा आवाज चोरटा झाला होता. "लिहिलंय इथे."

"वाच."

"'सरू, शाळेमागची बाभूळ फुलली. चष्मा काढून पाहिली, तर नुसता पिवळा धूर. इथे तसा कुणालाच दिसत नाही. तू असतीस तर दोघांनी मिळून पाहिला असता.'"

लेक वाचत गेली. आई ऐकत गेली. निळं अक्षर वळत गेलं, कार्डामागून कार्ड खिडकीत साचत गेलं, आणि आईचे ओठ लेकीच्या आधी शब्दाशब्दाला पोचत गेले. एका कार्डाशी मात्र ते थांबले. पुढे काय आहे, ते तिला आठवलं होतं.

"'सरू,'" मृण्मयी वाचत होती, "'आज वर्गात एका पोराला चष्मा लागला, घरचे रडत होते. आपल्याला मूल झालं आणि त्याला आपले डोळे मिळाले, तर? काल रात्रभर हीच काळजी. पहाटे वाटलं, मिळाले तर त्याला ही रेघ वाचता येईल. दुसऱ्या कुणाला येणार आहे?'"

खिडकीच्या पट्टीवर दोघींचे चष्मे शेजारी शेजारी पडले होते, आणि चारही भिंगांत एकेक लहानसा सूर्य बुडत होता. मृण्मयी आईच्या कुशीत शिरून रडली, लहानपणी रडायची तशी.

"माझी भीती गेली नाही हं, आई."

"माझीही कधी गेली नाही," सरोजिनी म्हणाली. "तिला घेऊनच सगळं केलं."

शस्त्रक्रिया नीट झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी पट्टी सोडवली आणि म्हणाले, "हळू उघडा." सरोजिनीनं डोळा उघडला. पांढरी भिंत आली. भिंतीवरचं कॅलेंडर आलं, त्यातला वार आला. खिडकीबाहेरची चिंच आली, पान न् पान घेऊन आली. जे जे आयुष्यभर काचेपलीकडून आलं, ते ते आज काचेवाचून आलं.

दाराशी, दहा हातांवर, मृण्मयी उभी होती. नवा जाड चष्मा तिनं घातला होता. तिचे हात पाठीमागे होते आणि त्यांत काहीतरी लपवलेलं होतं.

सरोजिनीला विचारायची गरज नव्हती. तिला दिसलं होतं. दहा हातांवरून, जन्मात पहिल्यांदा, चष्म्याशिवाय, स्वच्छ दिसलं होतं: लेकीच्या नाकाच्या शेंड्यावर तिळाएवढा निळा ठिपका. शाई अजून ओली होती.