सावली चालत नाही

बारकीने टेबलावरचा दिवा चार जाडजूड पुस्तकांच्या चळतीवर चढवला, त्याची मान पिरगाळून भिंतीकडे केली, पुन्हा आईकडे केली, आणि मग दोन बोटांनी आईची हनुवटी धरून किंचित डावीकडे वळवली.

"केवढी तापलीत बोटं तुझी," आई म्हणाली.

"दिव्याला हात लागला. तू बोलू नकोस. तोंड मिटलेलं पाहिजे, हसायचं नाही, दोन्ही कान दिसले पाहिजेत, चष्मा नको."

"श्वास घेतलेला चालतो का, तेवढं विचारून घे त्यांना."

व्हिसाच्या फोटोच्या नियमांचा कागद बारकीने कपाटाच्या दारावर चिकटवला होता. एकूण तेरा नियम. सातवा असा, की चेहऱ्यावर किंवा मागच्या पांढऱ्या पडद्यावर सावली चालत नाही. पडदा म्हणजे घरातली एकुलती एक डाग नसलेली चादर. ती खिळ्यांना अडकवताना बाबांनी स्वतःच्या अंगठ्यावर हातोडी मारून घेतली होती, आणि आता ते स्वयंपाकघरात, अंगठा तोंडात धरून, भात शिकत होते. शिकत होते म्हणजे करपवत होते. तीन वर्षं घर त्यांच्या हातात राहणार होतं, तेव्हा आत्तापासून सवय केलेली बरी, असं त्यांचं म्हणणं. बारकीचं म्हणणं काही नव्हतं. त्या विषयावर तिला कोणी विचारलेलंच नव्हतं.

आई चष्म्याच्या कारखान्यात काचा घासायची. डॉक्टरांनी लिहून दिलेला नंबर, गिऱ्हाइकाने निवडलेली फ्रेम, आणि मध्ये आई. काचेवर केसाएवढा ओरखडा असला तरी तिला तो हातभर अंतरावरून दिसायचा, त्यामुळे तयार झालेला प्रत्येक चष्मा शेवटी तिच्यासमोरून जायचा. दूरच्या देशातल्या एका मोठ्या कारखान्याने तिला बोलावलं होतं. करार तीन वर्षांचा, मध्ये सुट्टी नाही. व्हिसाच्या अर्जाला फोटो लागणार म्हटल्यावर बाबा म्हणाले, दुकानात जाऊन ये. आई म्हणाली, घरात एवढी फोटोग्राफर पोसलीय ती कशासाठी?

फोटोग्राफर तीन महिन्यांची होती. मामाने त्याचा जुना कॅमेरा दिला त्या दिवसापासून बारकीच्या अंगात वारं शिरलं होतं. शाळेच्या प्रदर्शनात फोटो लावायचाच, असं तिने अख्ख्या वर्गात जाहीर करून टाकलं आणि मग विषय शोधत गावभर फिरली. गळक्या नळाचं थेंब पडायच्या आतलं रूप. जिना. शेजारचं मांजर, जे कॅमेरा दिसला की उठून जायचं. शंभरेक फोटो घेऊन ती चित्रकलेच्या बाईंकडे गेली, तेव्हा बाईंनी ते पत्ते पिसावेत तसे भराभर पाहिले.

"समोर काय आहे ते काढतेस," बाई म्हणाल्या. "उजेड कुठून येतोय ते बघतच नाहीस. एक अंडं घे. पांढरं अंडं, पांढरा कागद, एक दिवा. ते फोटोत गोल दिसेपर्यंत मला तोंड दाखवू नकोस."

बारकीने पंधरा दिवस एकच अंडं काढलं. सुरुवातीला ते चपटं यायचं, कागदाला पडलेल्या भोकासारखं. मग एके दिवशी दिवा खाली आणून बाजूला सरकवल्यावर अंड्याच्या एका कडेने सावली हळूच चढत गेली आणि अंडं कागदावरून उठून बसलं. बाबा म्हणाले, कोंबडीनेसुद्धा या अंड्याकडे इतकं बघितलं नसेल. पण बारकीला त्या दिवशी कळलं ते कळलंच. उजेडाने वस्तू दिसते, पण ती आहे असं सावलीमुळे वाटतं.

आणि आता तो नियमांचा कागद तिला सांगत होता, सावली चालत नाही.

त्या पहिल्या रविवारी तिने कॅमेऱ्यातून पाहिलं, तर आईच्या उजव्या कानामागे चादरीवर नखाएवढी करडी कोर उमटली होती. उपाय तिला पाठ होता. खुर्ची दोन पावलं पुढे ओढली की सावली भिंतीपर्यंत पोचत नाही, मध्येच कुठेतरी जिरून जाते. तिने खुर्चीकडे पाहिलं. आईकडे पाहिलं. ठरवलं असं काहीच नव्हतं. बोट आपलं आपण खाली गेलं.

"झालं," ती म्हणाली.

चार दिवसांनी आई कामावरून आली, चपला काढता काढता म्हणाली, फोटो परत आला. कानामागे सावली आहे म्हणे. बाबांनी भाताकडून मान वळवली. बारकीने पुस्तकातून डोकं वर काढलंच नाही. तिच्या पोटात काहीतरी आनंदाने टुणकन उडालं होतं, आणि ते चेहऱ्यावर दिसेल अशी तिला भीती वाटत होती. चोराच्या मनात चांदणं.

"परत काढू ना मग," ती पुस्तकाला म्हणाली. "रविवारी."

दुसऱ्या रविवारची सावली मात्र तिने ठरवून ठेवली. वाचनालयातून प्रकाशयोजनेवरचं पुस्तक आणून सगळं वाचून काढलं. कपडे वाळत घालायच्या दोरीवर पातळ कागद टांगला, दिव्याचा उजेड त्यातून गाळून घेतला. सावली इतकी बारीक हवी होती, की व्हिसाच्या साहेबांनी फोटो बाजूला ठेवावा, पण मुलीने मुद्दाम केलं असं कुणाच्या बापाला वाटू नये. जबड्याखाली, मानेच्या वळणावर, तिने ती बसवली. एवढं मन लावून ती आयुष्यात काही शिकली नव्हती. गणितात याच्या निम्मं लक्ष घातलं असतं तर घरात मिठाई वाटली असती.

तो फोटोही परत आल्याचं आईने सांगितलं. तिसऱ्या रविवारी सावली नाकाच्या डाव्या बाजूला गेली.

या रविवारांचं एक निराळंच होऊन बसलं. दिवे लावून, पडदा ताणून, हनुवटी वळवून होईपर्यंत तास दीड तास जायचा, आणि तेवढा वेळ आई खुर्चीवर हात मांडीवर ठेवून नुसती बसून असायची. आईला नुसतं बसलेलं बारकीने कधी पाहिलंच नव्हतं. आई बोलायची तेव्हा हातात लसूण असायचा, नाहीतर सुई असायची, नाहीतर बारकीचं डोकं असायचं, तेल चोळायला. आता काहीच नव्हतं. चष्मा काढला की तिच्या नाकावर दोन्हीकडे गुलाबी खळगे दिसायचे. डाव्या भुवईत एक पांढरी रेघ होती, काचेचा कपचा उडाला होता तिथली. बारकी दोन बोटं उंच होती आईपेक्षा, नावाला काही अर्थ उरला नव्हता, पण ही रेघ तिला पंधरा वर्षांत दिसली नव्हती.

आणि आई बोलायची. शाळेत असताना ती शिट्टी वाजवायची आणि त्यासाठी तिला वर्गाबाहेर काढलं होतं, हे तिने सांगितलं. खरं वाटेना, म्हणून वाजवूनही दाखवली. स्वयंपाकघरातून बाबांनी विचारलं, कुकर लावलाय का कोणी? बारकीनेही गणिताच्या पेपरचं सांगून टाकलं, जो तिने गादीखाली लपवला होता. आई म्हणाली, गादी मीच उचलते दर आठवड्याला, कुठल्या जगात राहतेस?

त्यावर दोघी इतक्या हसल्या की दिवा पुस्तकांवरून घसरला.

प्रदर्शनासाठी विषय सापडला होता, हे सांगायला नको. तिन्ही रविवारचे फोटो घेऊन बारकी बाईंकडे गेली, आणि ते टेबलावर ओळीने मांडले. बाईंना घरातलं काही माहीत नव्हतं. या वेळी त्यांनी पत्ते पिसले नाहीत. एकेक फोटो खिडकीशी नेऊन पाहिला.

"पहिल्यातली सावली चुकून आलीय," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यात आणि तिसऱ्यात तू ठेवलीस. अंड्यावरून इथवर आलीस, शाबास."

बारकीचे कान तापले. एरवी ती एवढ्या शब्दांवर महिनाभर नाचली असती.

बाईंनी तिसरा फोटो पुन्हा हातात घेतला.

"कोण गं या?"

"आई."

"तिला कुठेतरी जायचंय का? निघायच्या घाईतल्या माणसाला कोणी दारात धरून ठेवलं की असं दिसतं. रागावलेली नाहीये. पण थकलीय."

बारकीने फोटो गोळा केले. एक खाली पडला, तो उचलायला ती वाकली आणि गरजेपेक्षा जास्त वेळ वाकलेलीच राहिली. घरी जाताना तिने नेहमीचा रस्ता सोडून लांबचा घेतला. डोळ्यांपुढे दूरच्या त्या कारखान्यातली एक रिकामी खुर्ची येत होती, आणि त्या खुर्चीवर आईऐवजी बसलेली दुसरीच कोणीतरी बाई. उशीर झाला तर ते थांबतील थोडेच. आईने या बोलावण्याची दोन वर्षं वाट पाहिली होती. हे बारकीला कधीचंच माहीत होतं. ती फक्त त्या माहितीकडे पाठ करून बसली होती.

चौथ्या रविवारी तिने खुर्ची भिंतीपासून चांगली चार पावलं पुढे ओढली. बाबांच्या टेबलावरचा दुसरा दिवा आणला. दोन्ही दिवे दोन बाजूंना, सारख्या उंचीवर, दोन्हींसमोर पातळ कागद. आईच्या मांडीवर तिने पांढरा पुठ्ठा ठेवला, म्हणजे हनुवटीखालीही उजेड पोचेल. आज गप्पा झाल्या नाहीत. आईने एकदोनदा विषय काढला, बारकी हं म्हणाली. तिने कानामागे पाहिलं, जबड्याखाली पाहिलं, नाकाच्या दोन्ही बाजू पाहिल्या. भुवईतली रेघही उजेडात पुसून गेली होती. चेहरा सुरुवातीच्या त्या चपट्या अंड्यापेक्षाही सपाट होता. नियमाप्रमाणे अगदी बरोबर.

तिने बटण दाबलं. मग कॅमेरा आईपुढे धरला.

आईने चष्मा लावला. काच तपासताना धरते तसा कॅमेरा हातभर लांब धरून ती बराच वेळ बघत राहिली.

"एवढीशीपण सावली नाही," ती म्हणाली.

"हं. हा घेतील."

"जमलं की गं तुला."

"आधीही जमलं असतं," बारकी म्हणाली, आणि तिचा आवाज मधेच चिरकला. "मी मुद्दाम ठेवत होते. दोनदा. पहिल्यांदाही दिसली होती मला."

आईने मान हलवली. तिला आश्चर्य वाटल्याचं काही दिसलं नाही. हातभर अंतरावरून केसाएवढा ओरखडा पाहणारी बाई ती.

"हा तुझ्याकडेच ठेव," तिने कॅमेरा परत दिला. "मला नको आता."

"म्हणजे?"

"पहिला फोटो खरंच परत आला होता. दुसऱ्याच दिवशी मी कारखान्यासमोरच्या दुकानात काढून घेतला. तीन मिनिटं लागली. तो चालला."

बारकीला हिशोब लागायला वेळ लागला. "आणि दुसरा? तिसरा?"

"ते माझ्या पर्समध्ये आहेत."

"व्हिसा आला?"

"मागच्या मंगळवारी."

स्वयंपाकघरात झाकण पडलं, गरगरलं, आणि बाबांनी ते पायाने दाबून थांबवलं असावं. म्हणजे त्यांनाही माहीत होतं. दोघींनी त्या दिशेला पाहिलं.

"मग आज कशाला बसलीस?"

आईने चष्मा काढून ओढणीच्या टोकाने पुसला. तो स्वच्छच होता.

"रविवार होता," ती म्हणाली. "तू खुर्ची मांडलीस."

बारकीला पुष्कळ विचारायचं होतं. मला का नाही सांगितलंस? माहीत होतं तर रागावली का नाहीस? शेवटी त्यातलं सगळ्यात लहान तेवढं बाहेर पडलं.

"कधी?"

"गुरुवारी. सकाळी."

गुरुवारी बारकीची सहामाही सुरू होणार होती. हे दोघींना ठाऊक होतं, दोघींनी ते उच्चारलं नाही. बारकीने उजवीकडचा दिवा विझवला. मांडीवरचा पुठ्ठा काढून घेतला. डावीकडचा दिवा खाली आणून बाजूला सरकवला, तेव्हा आईच्या गालावरून सावली हळूच चढत गेली, नाकाशी थोडी थांबली, आणि चेहरा चादरीतून पुढे आला. गुलाबी खळगे आले. भुवईतली रेघ आली.

"चष्मा घालू का नको?" आईने विचारलं.

"राहू दे हातातच."

"हसायचं का?"

"तुला हवं तर."

आई हसली नाही, पण तोंडाच्या कडेला काहीतरी झालं. बारकीने कॅमेरा डोळ्याला लावला.

"हलू नकोस," ती म्हणाली.

आई हलली नाही. बाबा हातात पळी घेऊन दारात आले, ताटं घेतलीत म्हणून सांगायला. त्यांनी एकदा खुर्चीकडे पाहिलं, एकदा कॅमेऱ्याकडे, आणि आल्या पावली आत गेले. आतून ताटांवर ताटं झाकल्याचा आवाज आला. बारकीचं बोट बटणावर होतं. कॅमेऱ्याच्या चौकटीत सगळं जागच्या जागी होतं, उजेड होता, सावली होती, आई होती. एव्हाना तिची मान दुखायला लागली असणार. बारकीने बोट तसंच ठेवलं. दाबलं नाही.