माझ्याऐवजी एक बाण

खाली मावशीची केकची बेकरी, वर आईचं केकच्या पुठ्ठ्याच्या डब्यांचं वर्कशॉप आणि मधल्या जिन्यात मी. शाळा सोडल्यापासून माझं काम एवढंच. मावशीला कसले डबे हवेत ते वर सांगायचं, आई कधी देणार ते खाली सांगायचं. घरी दोघी बहिणी एकमेकींच्या ताटातलं उचलून खातात. पण धंद्याचं थेट बोलायचं नाही असं ठरलंय, कारण एकदा बोलल्या आणि तीनमजली केक जिन्यावरून गडगडत खाली गेला.

मला या जिन्याचा वैताग आलाय. म्हणून म्हटलं, वेब सर्व्हिस बनवू. मावशीने तिच्या कॉम्प्युटरवर केकची ऑर्डर टाकली की आईच्या कॉम्प्युटरवर डब्याची ऑर्डर आपोआप उमटणार. आईचं उत्तर तसंच खाली. मध्ये कुणी धापा टाकायच्या नाहीत. बनवायचं कसं ते मी मोबाइलवर बघून बघून, डोकं आपटून शिकलेय.

आई म्हणाली, "आधी कागदावर दाखव. दोघींना पटलं तर कर. नाही पटलं तर पुढच्या सत्रात मुकाट्याने शाळा."

मावशीने लगेच मान डोलावली. माझ्याविरुद्ध असलं की दोघींचं छान जमतं.

दुपारी वर्कशॉपच्या कापायच्या टेबलाशी दोघींना बसवलं. एका पुठ्ठ्यावर दोन चौकोन काढले, मध्ये बाण, बाणाखाली साइज, संख्या, वेळ.

"हा बाण म्हणजे तू?" मावशीने विचारलं.

"बाण म्हणजे सर्व्हिस. मी सुटले."

"मावशीला विचार," आई सवयीने मला म्हणाली. मावशी तिच्यापासून हातभर लांब. "माझं नेट बंद असलं तर हिची ऑर्डर कुठे जाणार?"

"तिला काय विचारायचंय, मी सांगते ना. ऑर्डर मध्येच थांबून राहील. नेट आलं की पोचेल."

"आणि मी चुकून बटण दोनदा दाबलं तर?" मावशी म्हणाली.

"प्रत्येक ऑर्डरला नंबर असतो. तोच नंबर परत आला तर सर्व्हिस घेतच नाही."

"हे बरंय," आई माझ्या कानाशी पुटपुटली. "हिला एकच गोष्ट पाचदा सांगायची खोड आहे."

सगळं रुळावर होतं. मग मला शहाणपणा सुचला. एकीच्या फोनवर लिहिलेलं दुसरीच्या फोनवर उमटेल एवढं मी करून ठेवलं होतं. म्हटलं, "करून बघा. रोज मला सांगता तसंच लिहा."

मावशीने एका बोटाने बराच वेळ काहीतरी लिहिलं. आईचा फोन वाजला. आईने चष्मा लावून मोठ्याने वाचलं, "गोल डबे हवेत. कालच्यांची झाकणं तुझ्या तोंडासारखी, मिटतच नाहीत."

आई बोटं आपटत लिहायला लागली. आता मावशीने वाचलं, "केकच वाकडा असेल तर झाकण बिचारं काय करेल."

मला शाळेचं फाटक दिसायला लागलं.

"ही रोज असं सांगते?" आईने मला विचारलं.

"जवळपास."

"मग तू मला काय सांगतेस?"

"मावशी विचारतेय, गोंद जरा जास्त लावता येईल का."

"आणि तू मला सांगतेस, 'आई बघते म्हणाली'," मावशी म्हणाली. "तेव्हा खरं काय म्हणालेली असते?"

"ते ऐकण्यासारखं नसतं."

मावशी आईकडे वळली. "मी मेली डोकं खाजवून एकेक टोमणा पाठवते, आणि ही कार्टी जिन्यातच खाऊन टाकते."

आईचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. मग मावशीही हसत सुटली.

"मला वाटलं तू सुधारलीस," आई डोळे पुसत म्हणाली.

"मला वाटलं तुझा आवाज बसला."

आणि माझ्यादेखत दोघी झाकणांवर बोलायला लागल्या, थेट. गार केकने पुठ्ठा ओलसर होतो, गोंद सुटतो, असं मावशी म्हणाली. आधी सांगायचंस ना, मी आतून मेणकागद लावला असता, असं आई म्हणाली. मी नुसती बघत राहिले, आणि मग माझं डोकंच सटकलं.

"थांबा. तुम्ही अशा थेट बोलणार असाल तर माझ्या सर्व्हिसचं काय? मी जाऊ शाळेत?"

"बोलताना मी साइज विसरते," मावशी म्हणाली.

"आणि मी ऐकलेलं विसरते," आई म्हणाली. "ऑर्डर लेखीच हवी. फक्त तुझ्या त्या बाणात एक जागा वाढव."

"कशाला?"

"टोमण्यांना," दोघी एकदम म्हणाल्या.

"मुळीच नाही. ही धंद्याची सर्व्हिस आहे. साइज, संख्या, वेळ. बाकी काही जाणार नाही."

"बरं. मग शाळा," आई शांतपणे म्हणाली.

मी पेन्सिल उचलली आणि दातओठ खात वेळेच्या खाली लिहिलं, इतर.

मावशीने वाकून पाहिलं. "लिहिलेलं जसंच्या तसं पोचलं पाहिजे. कुणी गाळायचं नाही."

"नाही गाळणार."

"मग लाग कामाला," आई म्हणाली. "त्याआधी खाली जा आणि एक गार केक घेऊन ये. मेणकागद लावून बघू."

"मी का?"

"सर्व्हिस होईपर्यंत जिना तुझाच."

मी पाय आपटत निघाले. वर दोघींचं डब्यांवरून जुंपलं होतं, आणि मला कुणाचाच निरोप पोचवायचा नव्हता. दोन-दोन पायऱ्या गाळत मी खाली गेले.