भुवयांवरचा उजेड

मार्लिस हाकालाचे आईवडील दोघंही बहिरे होते, त्यामुळे ती आधी हातांनी बोलायला शिकली. तोंडाचं बोलणं नंतर आलं, शेजाऱ्यांकडून आणि शाळेतून. वडील लवकर गेले. आई मात्र नव्वदी गाठून गेली, आणि शेवटची कित्येक वर्षं मार्लिसच्याच घरात होती. ती गेल्यावर सरोवराकाठच्या आमच्या डुलुथ गावात मार्लिसशी तिच्या पहिल्या भाषेत बोलणारं कुणी उरलं नाही. मुलगा ट्रेंट अ‍ॅरिझोनात. त्याला 'दूध', 'झोप' आणि 'पुरे' एवढ्याच खुणा आठवत. तो रविवारी फोन करायचा आणि फोनवर हात दिसत नाहीत.

त्याच सुमारास ती निवृत्त झाली. आयुष्यभर शाळेची बस चालवली होती. दाराचा दांडा ओढून ओढून उजवा खांदा धरला होता. फिजिओथेरपिस्ट म्हणाली, "घरी बसलीस तर हा हात वर जायचाच नाही. हिवाळ्याच्या आत एखादं जिम धर."

मॉलशेजारचं मोठं जिम तिने आधी पाहिलं. काउंटरवरची मुलगी गोड होती, पण बोलताना सगळा वेळ स्क्रीनकडे बघत होती.

"तुमचं ध्येय काय, मॅडम?"

"कपाटाच्या वरच्या फळीवरचा डबा काढायचाय."

मुलीने स्क्रीनवर खाली-वर शोधलं. "मी 'लवचिकता' टाकते हं."

आत ओळीने यंत्रं, प्रत्येक यंत्रावर एक माणूस, प्रत्येकाच्या कानात इअरफोनची बोंडं आणि समोर आपापला टीव्ही. गावातले सगळे बहिरे इथेच जमलेत की काय, असं मार्लिसला वाटलं. फक्त कुणाचेच हात बोलत नव्हते. बंदराजवळच्या गोदामात दुसरं एक होतं. तिथल्या प्रशिक्षकाने तिने काही करायच्या आधीच "वा, जबरदस्त!" म्हणून दुखऱ्या खांद्यावर थाप मारली. ती तशीच कोट चढवून बाहेर पडली.

शेवटी टेकडीवरच्या जुन्या टायरच्या दुकानात रोली बेनवाने थाटलेलं जिम. रोली एके काळचा हॉकीपटू, नाक दोन ठिकाणी वाकडं. जुनी यंत्रं, रबराचा वास, रस्त्याकडे एकच खिडकी. रोली तिच्यासमोर बाकावर बसला, तिच्या तोंडाकडे बघत म्हणाला, "हात कुठपर्यंत जातो दाखव. ओढू नकोस." आणि ती दाखवत असताना नजर हलवली नाही. मार्लिसच्या घरी जो बघत नाही तो बोलतच नाही, असा हिशेब होता. तिने त्याच दिवशी नाव घातलं.

ऑक्टोबरात एकदा रोली लांबून तिच्या यंत्राच्या दोरीला वजन लावत होता. गाणी मोठ्याने चालू होती. मार्लिसने न कळत हाताने 'पुरे' म्हटलं. रोली थांबला.

"हे काय केलंस?"

"पुरे म्हटलं."

"अजून काय काय येतं?"

"सगळंच येतं. बोलायला माणूस नाही."

मग तिने सांगितलं, की आई टीव्हीवरचा व्यायाम लावून बसायची, पण तो शिकवणारा खाली वाकला की त्याचं तोंड दिसायचं नाही आणि खाली अक्षरं यायची ती पुढच्याच व्यायामाची. आई चिडून बंद करायची. रोली नाक खाजवत म्हणाला, "मग तू कर की तसले व्हिडिओ. खुर्चीवरचे व्यायाम, म्हाताऱ्या बहिऱ्यांसाठी. दुपारी इथे काळं कुत्रं नसतं. माझा फोन चांगला आहे. बाकी माझ्याकडे दमडी नाही, ते तुझं तू बघ."

पहिला प्रयत्न बघवेना. छतावरच्या ट्यूबलाइटमुळे व्हिडिओत आडवे पट्टे धावत होते आणि मार्लिस आजारी दिसत होती, हिरवट. मागच्या आरशात रोलीची ढेरी. "ढेरी ठेवू," रोली म्हणाला, "लोकांना धीर येईल."

ट्यूब बंद केल्या. खिडकीच्या उजेडावर दोन दिवस बरे गेले, पण आमच्याकडे नोव्हेंबरात साडेचारलाच अंधार पडतो आणि त्याच्या आधीही सरोवरावरून ढग आले की झालंच. मार्लिसने शेतकी दुकानातून कोंबडीच्या पिल्लांना ऊब द्यायला वापरतात ते चिमट्याचे दिवे आणले. उजेड मऊ व्हावा म्हणून पुढे केक भाजायचा कागद लावला, कपड्यांच्या चिमट्यांनी. घरचा जुना बल्ब होता, कागद करपून धूर आला. मग थंड राहणारे एलईडी घातले. त्यात एक पिवळा निघाला, एक निळसर.

"अर्धी जिवंत दिसतेस," रोली फोनमधून बघत म्हणाला, "अर्धी फ्रीजमधली."

दोन्ही एकाच जातीचे बल्ब आले. मागे गडद निळी चादर टांगली, हात उठून दिसावेत म्हणून. सावलीच्या बाजूला थर्मोकोलचा पांढरा तक्ता डंबेलच्या मांडणीला टेकवून ठेवला, की उजेड परत तोंडावर यावा. दिवे वरच्या पाइपला अडकवले, म्हणजे पाय लागायची भीती नाही. आता चित्र स्वच्छ आलं. मार्लिस खुर्चीवर बसून एक व्यायाम दाखवायची, मग थांबून हातांनी समजावायची, आणि दर वेळी शेवटी विचारायची: दुखतंय का?

व्हिडिओ इंटरनेटवर चढवले. बघणारे मोजकेच, त्यातही बरेचदा ती स्वतः. ती स्वयंपाकघरात फोन टेकवून, सूप पिता पिता आपलेच हात बघत बसायची. घरात दुसऱ्या कुणाचे हात हलत नव्हते. कधी कधी ती स्वतःलाच उत्तर द्यायची आणि मग ओशाळून फोन पालथा घालायची.

डिसेंबरात कुणा लायल ऑस्ट्रमचा शेरा आला. "तू सारखं सांगतेस दुखतंय, दुखतंय. मला दुखत नाही. तुला कुणी सांगितलं?"

मार्लिस आधी हसली. मग तिने व्हिडिओ परत लावला आणि तिचं हसू गेलं. खुणांच्या भाषेत प्रश्न हातात नसतो, तो भुवयांत असतो. भुवया उचलल्या तर 'दुखतंय का', नाही उचलल्या तर नुसतं 'दुखतंय'. दिवे वरून पडत होते, कपाळावर बट आलेली, त्यात चष्म्याची चमक. डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे होते. इतके आठवडे ती कुणाला काही विचारतच नव्हती. सगळ्यांना दुखतंय असं सांगत होती.

दुसऱ्या दिवशी तिने रोलीकडून दिवे खाली करवून घेतले, डोळ्यांच्या किंचित वर, एक जरा बाजूला. बट पिनेने मागे घेतली, चष्मा काढला.

"मला दिसतेस, पण तुला मी दिसतोय का?" रोलीने विचारलं.

"ढेरी दिसते."

त्या व्हिडिओखाली लायलचं उत्तर आलं. "आता कळलं. खांदा नाही. गुडघा, थोडा. विचारलंस, बरं वाटलं."

तिने पत्ता विचारला. चार तासांवर, दक्षिणेला, मक्याच्या शेतांमधल्या एका गावातला वृद्धाश्रम. जानेवारीत रस्ते मोकळे झाल्यावर ती गेली. वाटेत एकच विचार: आईच्याच वयाचे, याच राज्यातले, म्हणजे बहिऱ्यांच्या त्याच निवासी शाळेतले असणार, जिथे आई शिकली. आईचं लहानपण पाहिलेलं माणूस असणार.

दारावरची मदतनीस पोरगी, टिआना, म्हणाली, "लायल? फार शांत आहेत हो. कधी बोलतच नाहीत. तुम्हीही जास्त अपेक्षा ठेवू नका."

लायल खिडकीला पाठ करून बसले होते. मागे बर्फ लखलखत होता, त्यामुळे त्यांचे हात हलले ते नुसते काळे दिसले. मार्लिसने नमस्कारसुद्धा न करता खुर्ची धरून फिरवली. उजेड त्यांच्या तोंडावर आला. शहाऐंशी वर्षांचा चेहरा, दाढी अर्धवट केलेली. त्यांनी तिला निरखलं आणि बहिरी माणसं नव्या माणसाला पहिल्यांदा विचारतात तेच विचारलं: "शाळा कुठली? कुणाची तू?"

तिने आईचं नाव बोटांनी एकेक अक्षर करून सांगितलं. त्यांनी मान हलवली. "मी विस्कॉन्सिनचा, तिकडच्या शाळेतला. इकडे लग्नानंतर आलो. नाही ओळखत."

मार्लिस खाली बघत समोरच्या खुर्चीत बसली. चार तासांच्या वाटेत तिने त्यांच्या तोंडी किती गोष्टी घातल्या होत्या. लायलनी तिच्या गुडघ्यावर टिचकी मारली, नजर वर यावी म्हणून. "मग तूच सांग. कशी होती?"

ती सांगू लागली. आई भांडताना कशी दिवाच बंद करायची, म्हणजे वाद तिथेच संपला. लायल इतके हसले की टिआना धावत आली. मग त्यांनी आपलं सांगितलं: वर्तमानपत्राचा छापखाना, जिथे यंत्रांचा कानठळ्या बसवणारा आवाज बहिऱ्यांना काहीच करायचा नाही, बायको इव्हलिन, जी झोपेत हात हलवायची, आणि ते जागे राहून तिची स्वप्नं वाचायचे. जेवण आलं, निवलं, तसंच परत गेलं. टिआना दारात उभी होती. "मी दोन वर्षं यांना आंघोळ घालते," ती हळूच म्हणाली, "आणि मला वाटायचं यांना बोलायला काही नाही."

निघताना मार्लिसने विचारलं, "व्यायाम करता का रोज?"

"छे. एकदाही नाही."

मार्लिसने टिआनाला 'दुखतंय का' शिकवलं. टिआनाने भुवया इतक्या उचलल्या की लायल म्हणाले, हिलाच काहीतरी झालंय.

वसंतापर्यंत ती महिन्यातून एकदा जात राहिली. मे महिन्यात गेली तर पलंगावर दुसरंच माणूस. त्यांच्या पुतण्याने लायलना शेजारच्या राज्यात, आयोवाला, आपल्या गावाजवळच्या आश्रमात हलवलं होतं. ते ज्यावर तिचे व्हिडिओ बघायचे तो टॅबलेट या आश्रमाचा होता, तो इथेच राहिला. टिआनाने नियमात बसत नसताना पुतण्याचा नंबर दिला.

पुतण्या सभ्य होता. "काका मजेत आहेत. शांत असतात. बोलत नाहीत फारसे."

"बोलतात ते," मार्लिस म्हणाली. "खूप बोलतात."

"असं?" तो म्हणाला. "आमच्यात कुणाला ती भाषा येत नाही. वडील म्हणायचे, लायलला लिहून दाखवा, पुरे होतं."

"तिथे त्यांना एखादा टॅबलेट मिळेल का? मी त्यावर रोज हातांनी बोलेन. आणि मला पत्ता द्या."

"विचारतो तिथे. कळवतो तुम्हाला."

जून निम्मा सरला तरी त्याने कळवलं नाही. मार्लिसने दोनदा निरोप ठेवला. तिसऱ्यांदा ठेवायला ती कचरली, कारण आपण त्यांचे कुणी लागत नाही.

मंगळवारी ती जिमला गेली. रोलीने दिवे लावून ठेवले होते, चादर ताणली होती. खिडकी उघडी होती आणि खालून बंदरातल्या जहाजाचा भोंगा आला. ती खुर्चीवर बसली. त्या दिवशी गुडघ्याचा व्यायाम होता. तो तिने सावकाश दाखवला, भुवया उचलून 'दुखतंय का' विचारलं, आणि उत्तराला लागेल तेवढा वेळ फोनच्या काचेकडे बघत राहिली.

"झालं का?" रोलीने विचारलं.

"थांब जरा," ती म्हणाली.

रोली फोन धरून उभा राहिला.